दोन स्टिकर, एक दांडा

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही जरा पुढे सरका, ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही. यात मारामारी आहे, रक्त आहे. ते आधीच सांगून ठेवतो, नाहीतर नंतर म्हणाल की देवाचं नाव घेऊन बसवलं आणि भलतंच ऐकवलं. पण देवाला टोलनाक्यावर उभं राहायला कसली लाज? तोही तिथे उभा होता. कुठे, ते ओळखा तुम्हीच.

तर हमरस्ता रुंद, दोन्हीकडे उजाड माळ, मध्ये पत्र्याचं लांबच लांब छत आणि त्याखाली गाड्यांच्या रांगा. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक जाडजूड लोखंडी, लाल-पांढरा दांडा. गाडीच्या काचेवरचा स्टिकर वर टांगलेलं यंत्र वाचतं, खात्यातून टोल कापला जातो, दांडा वर. रोख घेणं तिथे केव्हाच बंद झालं होतं. खातं चालू तर दांडा वर, खातं बंद तर दांडा आडवा. मग गाडीत राजा बसलेला असो की रंक.

बंद पडलेली खाती उघडायला नाक्याच्या कडेला एक खोली होती. टेबल, संगणक, काच लावलेली खिडकी, खिडकीत बोलायचा माईक, आणि दाराशी पाण्याचं मोठं पिंप. तिथे बसायची ती किल्लीताई. खरं नाव पगाराच्या कागदावर असेल, पण कुलपं उघडते म्हणून सगळा रस्ता तिला किल्लीताईच म्हणायचा. तिचा एकच कायदा होता. माणूस कितीही तणतणत येवो, आधी त्याच्यापुढे पेला सरकवायचा.

"आधी पाणी, मग भांडण," ती म्हणायची. "कोरड्या घशाने शिव्याही धड येत नाहीत."

आणि रांगेत पहारा करायचा पैलवान, तिचा दीर. किल्लीताईचा नवरा गेल्यावर यानेच शब्द टाकून तिला ही नोकरी मिळवून दिली होती. तरुणपणी कुस्तीत याच्या हातून एका जोडीदाराचा खांदा असा निखळला, की त्या माणसाला पुन्हा घासही उचलता आला नाही. तेव्हापासून पैलवानाने देवाला सांगून टाकलं की आता कोणावर हात उगारायचा नाही. हाताला काम नाही म्हणून की काय, तोंड सतत चालू. देवाची गाणी म्हणायचा, खड्या आवाजात आणि पार बेसूर. ड्रायव्हर वैतागून म्हणायचे, "पैलवान, दांडा तरी वर करा, नाहीतर आवाज तरी खाली करा!"

"दांडा वहिनींच्या हातात, आवाज देवाच्या," तो सांगायचा. "माझ्या हातात काय आहे?"

त्या दिवशी दुपारी ऊन असं होतं की पत्रे कडकड वाजत होते. तिसऱ्या रांगेत एक छोटा टेंपो आला आणि थांबला. दांडा आडवाच. यंत्रावर लाल अक्षरं: खातं बंद.

टेंपोवर मधमाश्यांच्या पेट्या होत्या, खचाखच, दोरांनी आवळलेल्या. प्रत्येक पेटीच्या दाराला बारीक जाळी ठोकलेली. गाडी धावती असली की जाळीतून वारा जातो, आत माश्या गपगार. पण गाडी उन्हात उभी राहिली की आत भट्टी पेटते, मेण पाघळतं आणि माश्या एकमेकींच्या अंगावर मरतात. म्हणून तर फुलोऱ्यामागे पेट्या हलवणारे हे लोक पहाटे निघतात. हाही पहाटेच निघाला होता, पण वाटेत टायर फुटलं आणि सगळा सकाळचा गारवा त्यात गेला.

टेंपोचा मालक पेट्यांना कान लावून धावत खिडकीशी आला. त्याला आपण धाकटा म्हणू, कारण पुढे थोरलाही येणार आहे.

"ताई, उघडा लवकर. आतला आवाज बदललाय. माझ्या माश्या मरतील हो."

"आधी पाणी."

"माझं पाणी राहू द्या, पेट्यांवर मारायला द्या!"

किल्लीताईने अख्खी बादली भरून पुढे केली आणि संगणकाकडे वळली. धाकट्याने पेट्या भिजवल्या, पण पाणी पडताच वाफच झाली.

"खातं कोणाच्या नावावर आहे?" तिने माईकमधून विचारलं.

धाकट्याने रिकामी बादली खाली ठेवली. मग म्हणाला, "भावाच्या. पण तो माझा कोणी नाही."

"कोणी नसेना, खातं उघडायचा कोड त्याच्याच फोनवर जाणार. फोन लावते."

"लावू नका! त्यानेच बंद केलं असणार. सूड उगवतोय."

आता मागचं थोडं ऐकायला हवं, म्हणजे पुढचं लागेल. हे दोघे भाऊ एका ताटात जेवणारे. थोरल्याचा ट्रेलर, धाकट्याचा टेंपो, खातं मात्र एकच, थोरल्याच्या फोनवर. धाकट्याच्या मधपेट्या घरामागेच असायच्या. धाकट्याला माशी डसली तर तो हसायचा. थोरल्याचं रक्तच वेगळं, त्याला एक जरी डसली तरी ओठ सुजायचे. आणि त्याची लेक रक्ताने बापावर गेलेली. एके दिवशी पोरीच्या मानेवर माश्या डसल्या. आधी ओठ, मग डोळे, मग श्वास अडकला. धाकट्यानेच पुतणीला खांद्यावर टाकून दवाखाना गाठला, पोर वाचली. आनंदाने घरी येतो तर काय, थोरल्याने सगळ्या पेट्यांवर डिझेल ओतून काडी लावलेली. माश्या तडतडत जळत होत्या. धाकटा भावाच्या अंगावर धावून गेला आणि त्याचा कान दातांनी फाडला. थोरल्याने चाकाचा पाना घेऊन त्याचे पुढचे दोन दात पाडले. त्या दिवसापासून दोन चुली, दोन दारं, एकच राहिलं ते टोलचं खातं, आणि मध्ये बोलणं म्हणजे एकमेकांच्या नावाने थुंकणं. या पेट्या धाकट्याने नव्याने, एकेक करून उभ्या केलेल्या. या गेल्या की तो संपला, हे त्यालाही ठाऊक होतं आणि आता किल्लीताईलाही.

तिने नाक्याच्या साहेबांना फोन केला. साहेब शहरात. दांडा जबरीने उघडायची चावी त्यांच्याच खिशात.

"रोज कोणाचा ना कोणाचा माल नासतच असतो," साहेब म्हणाले. "एकाला सोडलं की मागचे सगळे घुसतील. खातं उघडा, मग दांडा उघडा."

मागे गाड्यांची शेपटी वाढत होती. टेंपोला मागे घ्यायलाही जागा उरली नव्हती. हॉर्न सुरू झाले. लगेच मागच्या ट्रकचा ड्रायव्हर, मानेला पंचा गुंडाळलेला एक दांडगट, उतरून आला.

"ए, तुझ्या बापाचा रस्ता आहे का?"

"भाऊ, थोडं थांबा, जीव आहेत गाडीत."

"आणि आम्ही काय दगड आहोत?"

एवढं बोलून त्याने धाकट्याची मान धरली आणि तोंड टेंपोच्या दारावर आपटलं. एकदा, दोनदा. नाकातून रक्ताची धार लागली. आणखी दोघे उतरले. त्यांना कारण नको होतं, ऊन पुरेसं होतं. एकाने पोटात लाथ घातली, दुसऱ्याने केस धरून ओढत नेलं. डांबर इतकं तापलेलं की धाकट्याच्या तळहाताची साल त्याला चिकटून राहिली.

पैलवान गाणं म्हणतच आला. त्याने कोणालाही मारलं नाही. पंचावाल्याला कंबरेला धरून उचललं आणि त्याच्याच ट्रकच्या टपावर नेऊन बसवलं, पोरगं कडेवर घ्यावं तसं. बाकीचे आपोआप मागे झाले.

"मारायचंच असेल तर मला मारा," तो म्हणाला. "मला सवय आहे, आणि तुम्हाला व्यायाम होईल."

दोघेचौघे हसले. तेवढ्यावर प्रकरण मिटलंही असतं. पण किल्लीताईने फोन लावलेलाच होता.

थोरला लांब नव्हता. नाक्याअलीकडच्या ट्रकतळावर त्याचा ट्रेलर सकाळपासून उभा होता. खातं तेच, त्यामुळे त्याचाही दांडा आडवा झाला होता, आणि खिडकीशी न जाता तो रागाने तिथे येऊन बसला होता. माल पोचवायला उशीर झाला म्हणून मालकाच्या शिव्या खाऊन तो पेटलेलाच होता. फोनवर ताईने म्हटलं, "तुमचे बंधू इथे अडकलेत, कोड सांगा," आणि त्याला एवढंच ऐकू आलं की धाकटा नाक्यावर आहे. ती पुढे काय म्हणत होती ते फोन बंद झाल्यामुळे हवेतच राहिलं.

तो चालत आला. हातात चाकाचा पाना. तोच.

"तूच स्टिकरचा घोळ घातलास ना?" तो लांबूनच ओरडला. "माझा ट्रेलर उभा करून तू मध विकायला निघालास?"

"मी? फोन तुझ्याकडे, खातं तुझ्याकडे! माश्या जाळून पोट भरलं नाही म्हणून आता गुदमरवायला निघालास?"

"गुदमरणं म्हणजे काय ते माझ्या पोरीला विचार!"

"तिला खांद्यावर कोणी नेली, ते तू विचार तिला!"

यावर थोरल्याने पाना फिरवला. धाकट्याने डावा हात आडवा घातला. हाड मोडल्याचा आवाज टपावर बसलेल्या पंचावाल्यालाही ऐकू गेला आणि तो पंचावालाच "अरे, अरे, भाऊ आहे तुझा!" म्हणून ओरडला. बघा माणसाची तऱ्हा. दुसरा घाव टेंपोच्या काचेवर. काच स्टिकरसकट आत कोसळली. पैलवान पळत येत होता, पण तो पोचायच्या आत तिसरा घाव पेट्यांवर पडला. एक पेटी फुटली, पोळं चेचलं गेलं आणि मध रक्तासारखा टेंपोच्या फळीवरून ठिबकायला लागला.

आणि तिथे धाकट्याचं डोकं फिरलं. मोडका हात छातीशी धरून त्याने उजव्या हाताने पेटीची जाळी ओढून काढली. मग दुसरीची, मग तिसरीची. आपला भाऊ एका डंखाने सुजतो, इतक्या डंखांनी मरेल, हे जगात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. ठाऊक असूनच ओढली.

नेमकं तेव्हाच किल्लीताईला संगणकावर सगळं दिसलं. तिने माईकचा आवाज वाढवला आणि नाक्याभर तिचा आवाज घुमला:

"थांबा रे! कोणी काही बंद केलं नाही! ट्रेलरचा स्टिकर टेंपोला लागलाय आणि टेंपोचा ट्रेलरला! चिकटवतानाच चुकलंय! दोघांचंही!"

श्रोते हो, चूक एवढीच होती. दोन्ही स्टिकर एका पाकिटात आले होते. दोघे भाऊ तेव्हा जेवत होते. "कुठला कोणाचा?" एकाने विचारलं. "आपल्यात कुठलं तुझं-माझं?" दुसरा म्हणाला. खरकट्या हातांनी हसत हसत त्यांनी ते काचांना लावून टाकले. खातं एकच, त्यामुळे कधी कोणाला कळलं नाही. पुढे नाक्यावर गाडीचा नंबर आणि स्टिकर ताडून बघणारे नवे कॅमेरे बसले आणि दोन्ही स्टिकर जुळेनात म्हणून खातं एका झटक्यात बंद झालं. म्हणजे ज्या प्रेमाने चिकटवले होते, त्याच प्रेमाने दांडा आडवा केला होता.

दोघांनी ऐकलं. पण माश्यांना काय कळणार? तापलेल्या, पिसाळलेल्या, काळ्या धुरासारख्या त्या बाहेर पडल्या.

नाक्यावर एकच पळापळ झाली. ट्रकच्या काचा वर गेल्या. पंचावाला टपावरून उडी मारून, पाय लचकवून, ट्रकखाली घुसला. दांड्याजवळच्या टपरीतला माणूस पळत किल्लीताईच्या खोलीत शिरला आणि त्याने आतून कडी घातली. थोरला दोन पावलं धावला आणि चाकाशी पडला. माश्या त्याच्या फाटक्या कानावर, पापण्यांवर, ओठांवर बसल्या होत्या. ओठ सुजले. मग डोळे मिटले. मग घशातून शिट्टीसारखा आवाज यायला लागला.

धाकट्याला भावाच्या तोंडावर पुतणीचं तोंड दिसलं.

"दादा!" असं तो ओरडला, की किल्लीताई म्हणते, काचेतूनही अंगावर काटा आला. एका हाताने तो भावाला ओढायला लागला. ओढवेना. तेव्हा पैलवान आला. त्याने थोरल्याला उचलून टेंपोत टाकलं. दवाखाना दांड्यापलीकडे, रस्त्याच्या उतारावर. मधे फक्त दांडा.

आणि दांडा आडवा होता.

"कोड!" धाकट्याने भावाच्या खिशातून फोन काढला, त्याच्या तोंडासमोर धरला. फोन चेहरा बघून उघडायचा. पण आता तो चेहराच राहिला नव्हता. फोन काही मालकाला ओळखेना.

"वहिनी!" पैलवान ओरडला.

"चावी साहेबांकडे आहे भाऊजी!" ती काचेआडून रडत म्हणाली.

पैलवानाने वर पाहिलं. मग त्याने दांड्याखाली खांदा घातला आणि दोन्ही हातांची मिठी मारली. आता माश्या सगळ्या त्याच्यावर. उघडं डोकं, उघडे दंड, उघडी मान. हात सोडावे तर दांडा सुटतो, म्हणून त्याने एकही माशी झटकली नाही. तो गात होता. मोठ्याने, बेसूर, नेहमीसारखाच. माश्या तोंडात शिरल्या तेव्हा त्याने थुंकून पुढची ओळ घेतली. यंत्राचं लोखंड करकरलं, बोल्ट बंदुकीच्या गोळीसारखे सुटले, त्यातल्या एकाने त्याची भुवई फोडली. डोळ्यात रक्त, रक्तावर माश्या. आणखी एक ओळ. मग दांडा मुळासकट उपटला गेला.

"जा!" तो म्हणाला.

धाकटा गेला. एकाच हाताने चाक धरायचं, त्याच हाताने गिअर टाकायचा, आणि फुटक्या काचेतून आलेला वारा तोंडावर. वारा लागल्यावर उरलेल्या पेट्या शांत होत गेल्या.

गाणं थांबलं तेव्हा किल्लीताईने टपरीवाल्याला ढकलून कडी काढली. अंगावर टेबलाचा कपडा ओढून ती धावत गेली. पैलवान दांड्यावर डोकं ठेवून आडवा झाला होता. तिने पिंपातलं पाणी त्याच्या तोंडाला लावलं.

"आधी पाणी, भाऊजी," ती म्हणाली.

पाणी ओठांवरून तसंच ओघळलं.

थोरला वाचला. पुष्कळ दिवसांनी दोघे भाऊ नाक्यावर आले. ट्रेलर पुढे, टेंपो मागे, कारण स्टिकर बदलायचे तर दोन्ही गाड्या एकत्र आणायला हव्यात. थोरल्याच्या डोळ्यांना अजून नीट दिसत नव्हतं, म्हणून ट्रेलर भाड्याच्या ड्रायव्हरने आणला होता. धाकट्याचा हात गळ्यात अडकवलेला. दोघे माना खाली घालून खिडकीशी उभे राहिले.

किल्लीताई खोलीतून बाहेर आली. तिने धाकट्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो पिंपावर आदळला. मग थोरल्याच्या. मग पुन्हा धाकट्याच्या. रांगेतले हॉर्न थांबले. कोणी मधे पडलं नाही. दोघांनी हात वर केले नाहीत.

"ही त्याच्या वाटची," ती धापा टाकत म्हणाली. "त्याने कधी कोणाला मारलं नाही ना, म्हणून तुंबून राहिली होती."

मग ती आत गेली, पदराने डोळे पुसले आणि खिडकीतून दोन पेले पुढे सरकवले.

"आधी पाणी."

दोघे प्यायले. तिने ट्रेलरचा समोरून फोटो काढला, बाजूने चाकं दिसतील असा काढला, मग टेंपोचा. नवे स्टिकर ज्याचे त्याला दिले आणि चिकटवताना स्वतः शेजारी उभी राहिली. थोरल्याच्या फोनवर कोड आला. त्याला आकडे दिसेनात. त्याने फोन भावापुढे धरला.

"वाच रे."

धाकट्याने वाचला. खातं उघडलं.

दांडा नवा होता, रंग अजून ओला वाटावा असा. तो वर गेला. टेंपो दांड्याखाली जरा थांबला, आणि पुढचे दोन दात नसलेल्या तोंडाने धाकट्याने एक ओळ म्हटली. पार बेसूर. पुढच्या ट्रेलरमधून दुसरा बेसूर आवाज त्यात मिसळला. किल्लीताईने माईक चालू केला आणि नुसतं ऐकू दिलं सगळ्या रांगांना.

माझी गोष्ट इथे थांबते. तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुम्हीही कधीतरी एखाद्या दांड्यापुढे उभे राहाल. तो वर जाईल, तुम्ही घाईत असाल. तरी गाडी पुढे काढण्याआधी, श्वासाएवढाच वेळ, आमच्या पैलवानाला आठवा. गाणं येत असेल तर म्हणा. बेसूर असलं तरी त्याला चालेल.